गिळलेला जंतू जिरत का नाही?

परतवाड्याजवळच्या कोठारा गावात दि लेप्रसी मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय आहे. या रोगाची ओळखीची खूण म्हणजे फिकट, बधिर चट्टा. त्यावर कापूस फिरवला तरी कळत नाही. चट्ट्याखाली काय घडतं ते पाहू.

शरीरात शिरलेला जंतू महाभक्षक पेशी गिळते आणि एका पुटिकेत कोंडते. मग लयकारिका (लायसोसोम) नावाची पिशवी त्या पुटिकेला येऊन मिळते. क्रिस्तियान द दूव यांनी 1955 मध्ये नाव दिलेल्या या पिशवीत सुमारे 60 पाचक विकरं असतात. आतला सामू साडेचार ते पाच, आणि तेवढ्या आंबटपणातच ती नीट चालतात. बाहेर सांडली तर बहुतेक थंडावतात. निसर्गाची ही खबरदारी मला फार हुशारीची वाटते.

कुष्ठजंतू जिवंत असेपर्यंत ही भेटच होऊ देत नाही. मेलेला जंतू गिळला तर लयकारिका बिनबोभाट येते. म्हणजे विकरांचा तुटवडा नसतोच, ती जंतूपर्यंत पोचत नाहीत. दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेणाऱ्या या संथ जंतूला एवढी सवड पुरते.

ही कोंडी फोडतात रोगप्रतिकारक टी-पेशी. पण त्यांना शत्रू दाखवावा लागतो आणि ते कामही लयकारिकांचंच. तिथली विकरं मेलेल्या जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे करतात; त्यांतलंच कॅथेप्सिन एस हे विकर ते तुकडे मांडायची जागा मोकळी करतं. तुकडा ओळखलेली टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि सुस्तावलेली महाभक्षक पेशी जागी होते.

हीच विकरं पेशीवरही उलटू शकतात. लयकारिकेला किंचित गळती लागली, तर कॅथेप्सिन विकरं बिड नावाचं प्रथिन तोडतात. त्यातून तंतुकणिकांना भोकं पडतात, कॅस्पेज ही पेशी संपवणारी विकरं जागी होतात आणि पेशी शिस्तीत मरते. मोठी फूट पडली तर पेशी फुटून आजूबाजूला सूज येते. शाळेच्या पुस्तकात लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात, ते एवढ्यापुरतंच खरं.

कुष्ठरोगातली खरी पंचाईत अशी, की त्याचा जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींतही राहतो. टी-पेशींनी तिथे हल्ला चढवला की मज्जातंतूच भरडला जातो. हीच रिअॅक्शन. औषधं चालू असतानाही ती येते: चट्टे लाल होतात, नस दुखते, हातापायातली ताकद जाते. अशा वेळी गोळ्या बंद करू नका; लगेच डॉक्टरांना दाखवा. वेळेवर स्टेरॉइड मिळालं तर हात-पाय वाचू शकतात. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.