बाळाआधीचं धुणं

ठाण्यात खोपटच्या आसपासच्या जुन्या घरांत एक नियम पाळला जायचा आणि आजही अनेक घरांत पाळला जातो. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही. पाळणा नाही, झबलं नाही, लंगोट तर नाहीच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात होतं, ओटी भरली जाते, पण जांभळी नाक्याच्या बाजारात बाळाची खरेदी होते ती बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं कळल्यावर. तोवर आजी कपाटाच्या तळातून जुनी सुती नऊवारी काढते, आजोबांचं विरलेलं धोतर काढते आणि दुपारी कातरी घेऊन बसते.

ही अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. घरोघरी तान्ही मुलं दगावत होती, त्या काळाची ती भीती आहे. पण त्या भीतीपोटी एक काम फार चोख होत होतं. नव्या सुती कापडावर खळ असते आणि न धुतलेल्या सुतावर कापसाचं स्वतःचं मेण असतं. दोन्ही पाण्याला आत शिरू देत नाहीत. मांजरपाटाच्या कोऱ्या तुकड्यावर थेंबभर पाणी टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहतो आणि मग ओघळून जातो. वीस वर्षं नेसलेल्या, शेकडो वेळा धुतलेल्या पातळावर तोच थेंब पडता क्षणी जिरतो. खळ गेलेली, मेण गेलेलं, सुटणारा रंग कधीच सुटून गेलेला. बाळासाठी जुनं कापड वापरणारी आजी, कापड ‘तयार’ करण्याचं सगळं काम आधीच उरकलेलं कापड हाती घेत होती.

हिशेबही बरा बसतो. नऊवारी साधारण आठ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी अधिक रुंद. जरीचे किंवा जाड विणीचे काठ बाजूला काढले, तरी पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरचे चौकोन रुंदीत दोन आणि लांबीत चौदा निघतात. म्हणजे अठ्ठावीस. कापड विरळ असेल तर दोन तुकडे एकावर एक शिवून चौदा लंगोट. चौकोनाची कोनाकोनी घडी घातली की त्रिकोण होतो. लांब कडेच्या दोन्ही टोकांना बंद लावायचे आणि तिसरं टोक पायांतून वर घ्यायचं. कडा दुमडून जाड शिवण घालू नये, ती मांडीला काचते. कसलेले जुने हात नुसती उलटी-पालटी धावदोऱ्याची टीप घालत.

एवढ्याशा कापडाने भागतं का, ही शंका आजच्या आई-बापांना येते. भागतं, आणि त्यामागे साधं गणित आहे. नवजात बाळाला दर किलो वजनामागे तासाला साधारण दोन मिलिलिटर लघवी होते. तीन किलोच्या बाळाला दिवसभरात दीडशे मिलिलिटरच्या आसपास. ती आठ-दहा वेळांत विभागली तर एका वेळी पंधरा-वीस मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे. तेवढी मऊ सुती चौकोनात सहज जिरते. रात्रभर टिकणारी शोषणशक्ती बाळ मोठं झाल्यावर लागते. पहिल्या महिन्यात लागतो तो ओला लंगोट लगेच बदलणारा माणूस.

आणि बदलताना बघणारा माणूस. कापडी लंगोटाचा हा गुण जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण माझ्या मते पहिल्या पंधरवड्यात तोच सगळ्यांत मोलाचा. पहिल्या दिवशी बाळ एक-दोनदाच ओलं करतं. शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. दूध येऊ लागलं की शी हिरवट, मग पिवळी होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. तेवढे झाले तर अंगावरचं दूध पुरतंय, असं समजायला हरकत नाही. कमी होत असतील, किंवा त्या दिवसांनंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसत असतील, तर बाळाला दूध कमी पडत असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. तयार डायपरमधली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी आपल्या वजनाच्या कित्येक पट द्रव धरून ठेवते आणि वरचा थर कोरडा ठेवते. म्हणूनच बाळाने तीनदा केली की एकदा, हे आईला कळत नाही. ज्या दिवसांत ते कळायलाच हवं, नेमक्या त्याच दिवसांत.

गेल्या दहा वर्षांत कापडी लंगोट पुन्हा बाजारात आले आहेत, ते वेगळ्या रूपात. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ मध्ये ‘सुपरबॉटम्स’ ही कंपनी सुरू केली. आता तशा अनेक कंपन्या आहेत. बाहेरून पाणी न झिरपणारं, पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं कापड, आत सुती किंवा मायक्रोफायबरच्या घड्या आणि बाळासोबत मोठी-लहान करता येणारी बटणं. आईच्या अंथरुणावर मेणकापड घालायची गरज राहत नाही, म्हणून नोकरी करणाऱ्या घरांना ते सोयीचे वाटतात. पण कोऱ्या कापडाचा जुना प्रश्न इथे परत येतो. सुती घड्या वापरण्याआधी तीन-चार वेळा, न रंगवलेल्या कच्च्या सुताच्या असतील तर त्याहून जास्त वेळा धुवाव्या आणि वाळवाव्या लागतात. तेव्हा कुठे त्या नीट शोषू लागतात. आणि आपल्याकडे खरेदीच बाळ आल्यावर! पाकीट फोडलं, एकदा पाण्यातून काढलं आणि बाळाला बांधलं. लंगोट गळतो, अंथरूण भिजतं, चार दिवसांत सगळा संच कपाटात जातो आणि ‘हे काही आपल्याला जमणार नाही’ असा निकाल लागतो. ज्यांना नवीन आणायचे आहेत त्यांनी आठव्या महिन्यात आणावेत आणि धुऊन ठेवावेत. ज्यांना शकुन पाळायचा आहे त्यांनी जुनं धोतर कापावं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चूक आहे ती कोरं कापड थेट बाळाला बांधण्यात.

धुण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कापड जे धरून ठेवतं ते बाळाच्या पातळ कातडीतून आत जातं, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. १८८६ मध्ये लंडनमधल्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळं निळी पडली. लंगोटांवर ओळखीचा शिक्का मारायला वापरलेल्या अ‍ॅनिलीनच्या शाईने ते केलं होतं. अमेरिकेत सेंट लुइसमध्ये १९६७ साली एका रुग्णालयाच्या धुलाईत पेन्टाक्लोरोफिनॉल असलेली भुकटी वापरली गेली, बाळं घामाने डबडबू लागली आणि त्यांतली दोन दगावली. कापड स्वच्छ दिसत होतं, दोन्ही वेळा.

आपल्या घरातला धोका ट्रंकेत असतो. पहिल्या बाळाची दुपटी, कुंची, झबली जपून ठेवताना आपण डांबर गोळ्या टाकतो. त्या गोळ्यांतलं नॅफ्थॅलीन कापडात मुरतं. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनमुळे फुटतात. पाहता पाहता कावीळ चढते, आणि ती मेंदूला इजा करण्याइतकी वाढू शकते. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा नवजात बाळांची नोंद केली. त्यांच्याभोवती वापरलेले कपडे-पांघरुणं डांबर गोळ्यांत ठेवलेली होती. आपल्या देशात हे विकर कमी असण्याचं प्रमाण पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत जास्त आढळलं आहे. कल्याणच्या शेजारी सिंधी वस्तीचं उल्हासनगर आहे आणि ठाणे जिल्ह्यात आदिवासी पाडे आहेत, म्हणजे हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. आनुवंशिकतेमुळे मुलग्यांना धोका अधिक. ज्या ट्रंकेला तो वास येतो तिच्यातलं कापड नुसतं उन्हात घालून बाळाजवळ आणू नये. माझं मत विचाराल तर ते बाळासाठी वापरूच नये.

बोरिक पावडर लंगोटात भुरभुरण्याची पद्धतही बंद झाली पाहिजे. तीही कातडीतून, विशेषतः चट्टा पडलेल्या कातडीतून, आत शिरते.

रोजचं धुणं मात्र सोपं आहे, नियम कळले तर. शीचा लंगोट आधी गार पाण्यात. गरम पाणी पडलं की डाग बसतो. मग साबणाचं पाणी आणि मग भरपूर खळबळणं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर साबणाच्या वडीचा पांढरा थर कापडावर साचतो आणि लंगोट पुन्हा पाणी ढकलू लागतो. तिथे कपडे धुण्याची साधी पावडर कमी प्रमाणात वापरलेली बरी. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, तो धाग्यावर थर देतो. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचे पिवळे डाग कडक उन्हात आपोआप फिके पडतात. लघवी आणि शी एकत्र राहिली की अमोनिया तयार होतो, कातडीची आम्लता कमी होते आणि शीतली पाचक द्रव्यं कातडी खाऊ लागतात. चट्टे पडतात ते त्यामुळे. इथे तयार डायपरचं श्रेय मान्य करायला हवं: ते कातडी कोरडी ठेवतात. कापडात तेवढाच कोरडेपणा हवा तर दर ओलीला लंगोट बदलावा लागतो.

खोपटमध्ये खरी अडचण आहे वाळवण्याची. ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत लंगोट दोन-दोन दिवस ओला राहतो. चाळीत लांब गॅलरी होती, कौलाखाली दोरी होती. सिद्धेश्वर तलावाच्या आणि एसटी आगाराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इमारतींत खिडकीला जाळी आहे, आणि पुष्कळ सोसायट्यांत दर्शनी भागात कपडे वाळत घालायला मनाई. पूर्वी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवत आणि ओवा-शेपेची धुरीही देत. आज बंद खोलीत तो धूर नकोच, तान्ह्या फुप्फुसांना तो त्रासाचा. छताला टांगायची कप्पीची दोरी, पंखा आणि शेवटी गरम इस्त्री, एवढ्यावर निभावतं. दिवसाला बारा लंगोट धरले तर उन्हाळ्यात चोवीस पुरतात, पावसाळ्यात छत्तीस लागतात. ज्या दिवशी पाणी बंद असेल त्या दिवशीसाठी तयार डायपरचं एक पाकीट घरात ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

पर्यावरणाचा हिशेबही धुण्यावरच ठरतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये काढलेल्या अभ्यासात, अडीच वर्षांत एका बाळाच्या तयार डायपरांमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कर्बवायू जातो, असं निघालं होतं. जवळजवळ सारखंच! पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडाचा आकडा सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली येत होता. ब्रिटनमधल्याच २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचा वाटा तयार डायपरांपेक्षा पंचवीस टक्के कमी आला. तिकडे बरेच जण मशीनमध्ये गरम हवेवर वाळवतात. आपण दोरीवर वाळवतो आणि लंगोट भाचरांपासून पुतण्यांपर्यंत फिरतात, म्हणून आपल्या बाजूने हिशेब आणखी झुकायला हवा.

कचऱ्याबाबत मात्र वाद नाही. २००८ च्या अभ्यासाचा दिवसाला चारहून थोड्या अधिक डायपरांचा हिशेब अडीच वर्षांसाठी धरला तर एका बाळामागे ३,८०० च्या आसपास डायपर होतात. कल्याणचं आधारवाडीचं डम्पिंग २०२१ मध्ये बंद झालं, ठाण्याचं दिव्याचं २०२३ मध्ये, आणि या शहरांचा कचरा कुठे टाकायचा हा प्रश्न तसाच राहिला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं आणि गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या सॅनिटरी पॅडची पोती थेट कंपन्यांना परत पाठवली होती. उघडा डायपर हाताने वेगळा करावा लागतो तो त्यांनाच. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय पुण्यात त्यांनीच रुजवली.

फिनलंडमध्ये सरकार १९३८ पासून आईला बाळाच्या सामानाची पेटी देतं. त्यात साठच्या दशकाअखेर तयार डायपर आले आणि २००६ मध्ये पुन्हा कापडी लंगोट घातले गेले. महाराष्ट्रातही २०१९ पासून शासकीय रुग्णालयात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी दोन हजार रुपयांच्या किटची योजना आहे. त्या किटमध्ये धुऊन तयार केलेले डझनभर सुती लंगोट आणि ते कसे धुवायचे याचा एक कागद असावा, अशी माझी मागणी आहे.

शेवटचा प्रश्न हे सगळं धुवायचं कुणी. पूर्वी सोयेराच्या दहा दिवसांत घरची माणसं त्या कपड्यांना हात लावत नसत. सुईण किंवा परटीण ते धुवायची आणि त्यापायी तिलाच हलकं मानलं जायचं. नंतर ते काम आजीकडे आलं, मग मोलकरणीकडे. कापडी लंगोटांचं कौतुक करणाऱ्यांनी हे हात विसरू नयेत. टाके पडलेल्या, दर दोन तासांनी दूध पाजणाऱ्या बाईवर बारा लंगोटांचं धुणं टाकून पर्यावरण वाचवायचं असेल तर ते मला मान्य नाही. त्यापेक्षा तयार डायपर वापरा आणि नीट गुंडाळून द्या. पण घरात येणाऱ्या बाळाला बाप असेल, त्याला दोन हात असतील आणि पंधरा दिवसांची रजा मिळत असेल, तर लंगोटांचं धुणं त्याच्या नावावर लिहा. दिवाळीनंतर ठाण्यात चार-पाच महिने कोरडं ऊन असतं. हिवाळ्यात ज्यांच्याकडे बाळ येणार आहे त्यांनी या आठवड्यात ट्रंक उघडावी, डांबर गोळ्यांचं कापड बाजूला काढावं आणि जुनं पातळ कापायला घ्यावं.