कॉलचा मार्ग आणि सूचनेचे वाक्य

कार्यालयात येणारा कॉल योग्य विभागाकडे जावा यासाठी दूरध्वनी यंत्रणेत नियम आधीच भरून ठेवावे लागतात: कोणता अंक दाबल्यावर कोणता अंतर्गत क्रमांक, कार्यालयीन वेळ कोणती आणि उत्तर न मिळाल्यास पुढचा मार्ग कोणता. यंत्राला अंक पुरतो. ऐकणाऱ्याला मात्र वाक्य लागते. ‘दोन दाबा, तक्रारीसाठी’ असे ऐकल्यास प्रयोजन कळेपर्यंत अंक स्मरणातून निसटतो. ‘तक्रारीसाठी दोन दाबा’ या रचनेत प्रयोजन आधी येते, अंक त्यानंतर. क्रियापदाने संपणाऱ्या मराठी वाक्याची स्वाभाविक घडणही हीच आहे. ज्याने कोणताच अंक दाबला नाही, त्याचा कॉल तोडू नये. तो कर्मचाऱ्याकडे वळवावा. सूचना न समजलेल्या माणसालाच मदतीची गरज अधिक असते.