शेतकऱ्याचा दूरध्वनी आणि पिकाचे छायाचित्र : कॉल सेंटर प्रणाली व क्लाऊड साठवण यांची कार्यप्रवाह स्वयंचलनाद्वारे सांधणी

सारांश

किसान कॉल सेंटरसारख्या सल्लासेवेत प्रश्न आवाजाच्या रूपाने येतो. परंतु रोगनिदानासाठी लागणारा पुरावा बहुधा छायाचित्राच्या रूपात असतो. ही दोन्ही माध्यमे एकाच नोंदीखाली आणण्याची तांत्रिक पद्धती, तिच्यातील अडचणी व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अशा सांधणीचा आधार दूरध्वनी क्रमांक नसून प्रश्न क्रमांक असावा, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : किसान कॉल सेंटर, क्लाऊड साठवण, कार्यप्रवाह स्वयंचलन, प्रश्न क्रमांक, व्यक्तिगत माहितीचे संरक्षण.

प्रस्तावना

सोयाबीन हे परभणी जिल्ह्यातील खरिपाचे एक प्रमुख पीक होय. सेलू परिसरातील शेतकरी जेव्हा ‘सोयाबीन पिवळे पडले’ असे सांगतो, तेव्हा त्या एका वाक्याचे किमान दोन अर्थ संभवतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता जाणवली की कोवळी पाने पिवळी पडतात. मात्र पानांच्या शिरा हिरव्याच राहतात. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग झाल्यास पानांवर हिरवे-पिवळे अनियमित चट्टे दिसतात आणि त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमार्फत होतो. पहिल्या स्थितीत लोहयुक्त द्रावणाची फवारणी उपयुक्त ठरते. दुसऱ्या स्थितीत रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. निदान चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातो, आणि रोग मोझॅकचा असल्यास तो दरम्यानच्या काळात शेतभर पसरतो. ऐकणाऱ्याला हा भेद शब्दांवरून ओळखणे कठीण असते. पान पाहिल्यावर तज्ज्ञाला तो लवकर उमगतो. दूरध्वनी आणि छायाचित्र यांची सांधणी हा विषय म्हणूनच केवळ संगणकशास्त्राचा राहत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) किसान कॉल सेंटरच्या कार्यपद्धतीचा परिचय करून देणे.
२) कॉल सेंटर प्रणाली व क्लाऊड साठवण यांच्या सांधणीचे टप्पे स्पष्ट करणे.
३) या सांधणीतील अडचणी व मर्यादा यांची चर्चा करणे.

किसान कॉल सेंटरची कार्यपद्धती

केंद्र शासनाच्या कृषी मंत्रालयाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर ही योजना सुरू केली. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर शेतकऱ्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो. पहिल्या स्तरावर कृषी पदवीधर सल्लागार उत्तर देतात. त्यांच्याकडून प्रश्नाचे निराकरण न झाल्यास तो कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे अथवा कृषी विभाग यांतील तज्ज्ञांकडे सोपविण्याची तरतूद आहे. मराठवाड्यासाठी अशा तज्ज्ञतेचे प्रमुख केंद्र म्हणजे परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले व आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ होय.

या सेवेतील प्रश्नांची माहिती शासनाच्या खुल्या माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली आहे. तीत राज्य, जिल्हा, पीक, प्रश्नाचा प्रकार, प्रश्नाचा मजकूर व दिलेले उत्तर असे रकाने आढळतात. संशोधकांसाठी हा साठा मोलाचा आहे. परंतु तो शब्दांचा साठा आहे. ज्या पानाविषयी प्रश्न विचारला गेला, ते पान त्यात दिसत नाही.

सांधणीचे घटक

प्रस्तावित रचनेत तीन घटक येतात. पहिला घटक कॉल सेंटर प्रणालीचा. प्रत्येक दूरध्वनीची वेळ, कालावधी, सल्लागार व ध्वनिमुद्रण यांची नोंद ती ठेवते. दुसरा घटक क्लाऊड साठवणीचा, म्हणजे इंटरनेटद्वारे वापरावयाच्या भाडोत्री साठवण-जागेचा. अ‍ॅमेझॉनची एस-३ ही सेवा २००६ मध्ये व गुगल ड्राइव्ह २०१२ मध्ये सुरू झाल्यानंतर ही सोय छोट्या संस्थांच्याही आवाक्यात आली. तिसरा घटक कार्यप्रवाह स्वयंचलनाचा. ‘अमुक घडले की तमुक करावे’ असे नियम एकदा लिहून ठेवले की ते माणसाच्या हाताशिवाय पार पाडले जातात. एका प्रणालीत घटना घडताच दुसरीला आपोआप जाणाऱ्या सूचनेस ‘वेबहुक’ म्हणतात, तर एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याच्या किंवा पाठविण्याच्या ठरावीक पद्धतीस ‘एपीआय’ म्हणतात.

साठवणीचा भार अवास्तव नसतो. दूरध्वनीच्या प्रचलित ध्वनिमुद्रणात सेकंदाला ८,००० नमुने व प्रत्येकी ८ बिट धरल्यास पाच मिनिटांचे संभाषण सुमारे २.४ मेगाबाइट होते. दिवसाला २०० दूरध्वनी गृहीत धरले तरी ४८० मेगाबाइट जागा पुरते. छायाचित्रांमुळे हा आकडा वाढेल. तथापि खरा प्रश्न जागेचा नसून योग्य वस्तू योग्य नोंदीशी जोडण्याचा आहे.

सांधणीचे टप्पे

पहिला टप्पा : सल्लागार नोंद उघडतो तेव्हा प्रणाली एक प्रश्न क्रमांक तयार करते. वेबहुकद्वारे त्याची सूचना स्वयंचलन प्रणालीस मिळते व क्लाऊडमध्ये त्याच क्रमांकाची फाइलपेटी तयार होते.

दुसरा टप्पा : छायाचित्र आवश्यक वाटल्यास सल्लागार तशी खूण करतो. शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर लघुसंदेशाने एक दुवा जातो. तो केवळ त्या प्रश्नापुरता व ठरावीक मुदतीपुरता चालतो. ट्रायच्या २०१८ च्या विनियमानुसार अशा संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुव्यांनाही पूर्वनोंदणी आवश्यक झाली आहे.

तिसरा टप्पा : छायाचित्र पेटीत पडताच स्वयंचलन प्रणाली त्याचा पत्ता मूळ नोंदीत लिहिते व तज्ज्ञास सूचना देते. तज्ज्ञाला ध्वनिमुद्रण, प्रश्नाचा मजकूर व छायाचित्र एकाच ठिकाणी दिसते.

चौथा टप्पा : तज्ज्ञाचे उत्तर नोंदीत येते आणि सल्लागाराच्या यादीत ‘परत दूरध्वनी करावा’ असे काम उभे राहते. उत्तर शेतकऱ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय नोंद बंद होऊ नये, हा नियम येथे अत्यावश्यक आहे. अन्यथा फाइल पोहोचेल, परंतु सल्ला पोहोचणार नाही.

अडचणीच्या जागा

फाइल जोडण्यासाठी दूरध्वनी क्रमांकाचा उपयोग करणे प्रथमदर्शनी सोपे वाटते. ग्रामीण वास्तवात मात्र ते फसवे ठरते. एकाच भ्रमणध्वनीवरून वडील, मुलगा व शेजारी असे तिघे बोलू शकतात. दूरध्वनी वडिलांच्या साध्या भ्रमणध्वनीवरून व छायाचित्र मुलाच्या स्मार्टफोनवरून येऊ शकते. शिवाय एकच शेतकरी सकाळी कापसाविषयी व सायंकाळी सोयाबीनविषयी विचारतो. अशा वेळी एकाच्या पिकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटण्याचा धोका असतो. प्रश्न क्रमांक मात्र प्रश्नागणिक वेगळा असतो, आणि तो तोंडी सांगता येतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो हाच क्रमांक गावातील कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यास सांगून त्याच्यामार्फत छायाचित्र पाठवू शकतो.

दुसरी अडचण सूचनांच्या पुनरावृत्तीची. उत्तर वेळेत न मिळाल्यास अनेक प्रणाली तीच सूचना पुन्हा पाठवतात. त्यामुळे एका प्रश्नाच्या दोन पेट्या तयार होऊ शकतात. पेटी करण्यापूर्वी त्या क्रमांकाची पेटी आहे काय, हे तपासण्याचा नियम त्यासाठी ठेवावा. तिसरी अडचण संपर्क तुटण्याची. अर्ध्यावर थांबलेले काम गुपचूप नाहीसे न होता अपूर्ण कामांच्या यादीत दिसले पाहिजे, आणि ती यादी रोज पाहणारी व्यक्ती नेमलेली असली पाहिजे.

गोपनीयता व मर्यादा

आवाज, दूरध्वनी क्रमांक व शेताचे ठिकाण ही व्यक्तिगत माहिती होय. छायाचित्रासोबत स्थाननिर्देशही नकळत जाऊ शकतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती, निश्चित उद्देश आणि उद्देश संपल्यावर माहिती नष्ट करणे या तत्त्वांना स्थान आहे. त्यामुळे फाइलच्या नावात दूरध्वनी क्रमांक नसावा, दुवे सर्वांसाठी खुले नसावेत आणि फाइल किती काळ ठेवायची हे आरंभीच ठरलेले असावे.

स्वयंचलन निदान करत नाही, ही या रचनेची मूलभूत मर्यादा आहे. अस्पष्ट छायाचित्र तज्ज्ञापर्यंत वेगाने पोहोचले म्हणून ते स्पष्ट होत नाही. कोवळे पान, जुने पान व संपूर्ण झाड अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, हे सल्लागारानेच शेतकऱ्याला समजावून सांगावे लागते.

निष्कर्ष

१) पीकसल्ल्यात आवाज व छायाचित्र परस्परपूरक असून त्यांची नोंद एकत्र असणे निदानासाठी हितावह आहे.
२) सांधणीचा पाया प्रश्न क्रमांक असावा, दूरध्वनी क्रमांक केवळ संपर्कासाठी वापरावा.
३) कार्यप्रवाहाचा शेवट फाइल साठविण्यात न मानता शेतकऱ्याला उत्तर मिळण्यात मानावा.
४) महाविद्यालयाच्या प्रवेश व शिष्यवृत्ती मदतकक्षातही दूरध्वनी एकीकडे व कागदपत्रे दुसरीकडे अशीच स्थिती उद्भवते. तेथे हीच रचना लहान प्रमाणावर राबवून पाहता येईल. संगणकशास्त्र, वाणिज्य व समाजशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यास हा प्रकल्प उपयुक्त ठरेल.