हार्मोनिक बॅलन्सर व फ्लेक्सप्लेट

मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुढील टोकावर बसविलेल्या कंपनशामक चक्रास हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात. त्याच दंडाच्या मागील टोकावर बसविलेली व एंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरकडे पोहोचविणारी पातळ पोलादी तबकडी म्हणजे फ्लेक्सप्लेट होय. रस्त्यावर चालविण्याच्या पण एंजिनाची शक्ती वाढवून घेतलेल्या गाड्यांत या दोन भागांची निवड विशेष महत्त्वाची ठरते. अशा गाड्यांचा छंद अमेरिकेत सर्वांत जास्त रुजला असल्याने येथील उदाहरणे मुख्यतः तेथील व्ही-८ एंजिनांची आहेत.

बॅलन्सर हे नाव काहीसे फसवे आहे. तोल साधणे हे त्याचे दुय्यम काम असून मुख्य काम भुजादंडातील पिळाची कंपने शमविणे हे आहे. चार धावांच्या आठ सिलिंडरी एंजिनात दंडाच्या प्रत्येक फेऱ्यात चार प्रज्वलने होतात; मिनिटाला ६,००० फेरे या वेगाला सेकंदाला ४०० धक्के बसतात. प्रत्येक धक्क्याने दंड किंचित पिळला जातो व पुन्हा उलगडतो. धक्क्यांची कंप्रता दंडाच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली, तर अनुस्पंदन होऊन पीळ वाढत जातो व शिणवट्याने दंडास तडा जातो. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा शामकाचे एकस्व १९१० साली घेतले होते.

नेहमीच्या बॅलन्सरमध्ये मधला तुंबा व बाहेरील जड कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो स्वस्त व पुरेसा असला, तरी ठराविक कंप्रतेच्या पट्ट्यातच उत्तम काम देतो. उष्णता, तेल व वय यांमुळे रबर सुटून कडे सरकते. मग त्यावरील प्रज्वलनकालाच्या खुणाही चुकीच्या ठरतात. दुसऱ्या प्रकारात बंद आवरणात दाट सिलिकोन द्रव असतो व त्यात जड कडे मोकळे फिरते. याचे शमन वेगाच्या मोठ्या पल्ल्यावर टिकते, म्हणून मूळ दंड किंवा दट्टे बदललेल्या एंजिनास तो अधिक मानवतो. वजन वाचविण्यासाठी बॅलन्सर काढून त्या जागी शामक नसलेली ॲल्युमिनियमची कप्पी बसविण्याची पद्धत मात्र धोक्याची आहे.

खरी गफलत तोलाबाबत होते. काही एंजिनांत दंडावरील प्रतिभार पुरेसे असतात. त्यांना अंतर्गत तोलाची एंजिने म्हणतात. इतरांत उरलेला भार बॅलन्सर, फ्लेक्सप्लेट किंवा दोहोंवर मुद्दाम एका बाजूस ठेवलेला असतो. शेव्हरोलेचे ३५० घन इंची एंजिन १९८५ पर्यंत अंतर्गत तोलाचे होते. १९८६ पासून मागील सील अखंड झाल्यावर तोलाचा भार फ्लेक्सप्लेटवर आला व पुढील बॅलन्सर तटस्थ राहिला. त्याच घराण्यातील ४०० घन इंची एंजिनात दोन्ही टोकांना भार लागतो. फोर्डच्या ३०२ घन इंची एंजिनाचा भार जुन्या नमुन्यांत सु. २८ औंस-इंच होता, तो १९८० च्या दशकाच्या आरंभी ५० औंस-इंच झाला. हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु २८ च्या जागी ५० चा भाग बसविल्यास २२ औंस-इंचाचा असमतोल राहतो व मिनिटाला ६,००० फेऱ्यांना तो सु. ६,२५० न्यूटन, म्हणजे ६०० किग्रॅ. वजनाहून अधिक प्रेरणा दंडाच्या धारव्यांवर लादतो. म्हणून भाग एंजिनाच्या नावावरून न निवडता त्यात प्रत्यक्ष असलेल्या दंडावरून निवडावा लागतो. दंड, संयोगदांडे वा दट्टे बदलले असतील, तर संपूर्ण जुळणीचा तोल नव्या बॅलन्सर व फ्लेक्सप्लेटसह यंत्रावर पुन्हा करून घेणे इष्ट असते.

फ्लेक्सप्लेट ही स्वयंचलित गिअरपेटीच्या गाडीत प्रचक्राची जागा घेते. जडत्वाचे काम द्रवाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर करीत असल्याने ती पातळ ठेवता येते, आणि कन्व्हर्टर दाबाने फुगून पुढेमागे सरकतो तेव्हा ती लवते. लवचिकपणा हा तिचा दोष नव्हे. वाढीव शक्तीखाली साध्या तबकडीस दंडाकडील बोल्टांच्या छिद्रांभोवती तडे जातात. त्यांचा ठकठक आवाज संयोगदांड्याच्या धारव्यातील बिघाडासारखा वाटत असल्याने अनेकदा चांगले एंजिन विनाकारण उघडले जाते. चांगल्या तबकडीचा पत्रा जाड असतो व दंतकडे दोन्ही बाजूंनी वितळजोड केलेले असते. दातांची संख्याही जुळावी लागते. शेव्हरोलेत १५३ व १६८ दातांच्या तबकड्या वापरतात, त्यांचे व्यास सु. ३२·४ व ३५·९ सेंमी. असून आरंभक मोटर त्यांनुसार बदलते. दुपदरी व अखंड सीलच्या दंडांवरील बोल्टांची वर्तुळेही भिन्न आहेत.

अमेरिकेतील एसएफआय फाउंडेशनच्या १८.१ या मानकानुसार बॅलन्सरची व २९.१ नुसार फ्लेक्सप्लेटची पारख होते. ही मानके मुळात शर्यतींसाठी आहेत. वेगात फुटलेल्या कड्याचे तुकडे गाडीचा पत्रा भेदून चालकापर्यंत पोहोचू शकतात. रस्त्यावरील गाडीस ती बंधनकारक नसली, तरी एंजिन वारंवार ६,००० फेऱ्यांपलीकडे जाणार असेल, तर मानकप्राप्त भागाची जादा किंमत योग्यच ठरते. मात्र मानकाचा शिक्का भागाची मजबुती दाखवितो. तो भाग त्या एंजिनाच्या तोलाशी जुळतो की नाही, हे त्यावरून कळत नाही.

बॅलन्सर दंडावर घट्ट बसणारा असल्याने तो हातोड्याने ठोकून बसवू नये. त्याने रबराचा थर व दंडाचा रेटा पेलणारा धारवा दोन्ही दुखावतात. त्यासाठी आट्यांचे खास हत्यार मिळते. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट नवे घेऊन उत्पादकाने दिलेल्या परिबलानेच आवळतात, आणि त्यापूर्वी तबकडीची कोणती बाजू एंजिनाकडे यावी हे पडताळून पाहतात.