आतड्याचे टाके आणि ताकदीची पावडर

आतड्याचे ऑपरेशन होऊन रुग्ण घरी आला की विचारपूस करायला येणारे काही ना काही सुचवतातच. कोणी पायाचे सूप, तर कोणी अमिनो आम्लांची महागडी पावडर. पण या पावडरीने जखम खरोखर लवकर भरते का?

जोडलेले आतडे पहिले काही दिवस टाक्यांच्या आधारावरच असते. मग तिथे कोलॅजन नावाचे प्रथिन तयार होऊन जोड पक्का होतो. कोलॅजन अमिनो आम्लांपासून बनते आणि त्यासाठी 'क' जीवनसत्त्वही लागते. ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचे इंधन आहे, तर आर्जिनिन जखम भरण्यास मदत करते. म्हणूनच या पावडरींचा बोलबाला झाला.

मात्र जास्त म्हणजे चांगले, असे नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागातील 1,223 रुग्णांवरील अभ्यासात जादा ग्लुटामिन दिलेल्यांमध्ये मृत्यू अधिक आढळले. ते रुग्ण अत्यवस्थ होते हे खरे, पण डॉक्टरांना न विचारता अशी पावडर घेऊ नये, हा धडा सर्वांसाठी आहे. मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 90 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, तर 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. नुसत्या पातळ यखनीवर ही गरज भागत नाही. पायातील जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. डॉक्टरांनी परवानगी दिली की अंडी, दही, मासळी, मऊ शिजवलेली डाळ थोडी थोडी द्यावी. जेवण कमी पडत असेल तरच, त्यांच्या सल्ल्याने, पावडर घ्यावी. कॅप्सूल असेल तर तिचे जिलेटिन कोणत्या जनावराचे आहे, हेही विचारून घ्यावे.

ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे किंवा नाडी जलद चालणे ही जोड गळत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

रमजान आला तरी घाई नको. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे; बरे झाल्यावर रोजे कजा करता येतात. शिफा देणारा अल्लाह आहे, पण दुआबरोबर योग्य दवा आणि पुरेसा आहार देणे ही आपली जबाबदारी आहे, असे आम्हाला वाटते.