अंकासाठी फोटो पाठवताना

मागच्या अंकात एका काकूंनी दिलेला त्यांच्या आईंचा फोटो आपण छापला. छापला कसला, चेहऱ्याच्या जागी काळा डाग उमटला. काकू काही बोलल्या नाहीत, पण तो अंक त्या साताऱ्याला भावाकडे पाठवणार होत्या, तो पाठवला नाही. चूक माझी. अल बर्शातल्या ज्या दुकानात आपल्या प्रती निघतात, तिथे मी मूळ फोटो तसाच काचेवर ठेवला. रसायनशास्त्रात पीएच.डी. करून ही तऱ्हा!

मंडळी, झेरॉक्सला राखाडी रंग माहीतच नाही. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन आणि त्यांच्या सहायकाने गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, म्हणजे तिच्यावर विद्युतभार आला. शाईने लिहिलेली काच वर ठेवून उजेड टाकला. अक्षरांच्या सावलीत भार टिकला आणि तेवढ्याच जागी पूड चिकटली. आजचा टोनर म्हणजे काजळी मिसळलेल्या प्लॅस्टिकची पूडच. ती कागदावर बसते किंवा बसत नाही. अक्षरांना हे छान मानवते. चेहरा मात्र सगळा अधल्यामधल्या छटांचाच असतो.

छापखान्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली: फोटो बारीक ठिपक्यांत फोडायचा. ठिपका मोठा तर छटा गडद, लहान तर फिकी. यालाच हाफटोन म्हणतात. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच ब्लॉकच्या धंद्यात होते. तीनरंगी छपाईची यंत्रे पाहायला ते १९०९ साली जर्मनीला गेले होते. दुकानातल्या मशीनवर हेच काम ‘फोटो’ नावाचे बटण करते. मी ते दाबलेच नव्हते.

तेव्हा रांगोळी, नकाशा किंवा मुलांची चित्रे काळ्या पेनने काढून द्या. पेन्सिल पुसट येते. संगणकावरून रेघांचे चित्र पाठवाल तर पीएनजी बरे, कारण जेपीजीत रेघांच्या कडेला धूसर डाग पडतात. फोटोला जेपीजी चालेल, पण व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून येतो. आणि हिरव्या साडीचे लाल काठ आपल्या अंकात दिसतीलच असे नाही. सारखे गडद असले तर दोन्ही रंग एकसारखेच उमटतात. भगिनींनी रागावू नये.

फोटोत इतर कोणी असेल तर आधी विचारा. इथल्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणे, पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो.

काकूंनी मूळ फोटो पुन्हा माझ्या हाती दिला, त्यांचे आभार. तो शेवटच्या पानावर आहे. अंक जरा लांब धरून पाहा.