थोडी धुरजड चालेल, उलाळ नको

लेखमाला : भंगारातून ट्रेलर (लेखांक 4)

मागच्या लेखांकात चासीची चौकट जोडून झाली. आता तिच्याखाली ॲक्सल आणि चाकं. पण त्याआधी माझी एक फजिती सांगून टाकतो, कारण या लेखांकातलं सगळं शहाणपण तिथूनच आलं आहे.

ट्रेलर तयार झाल्यावर पहिल्या खेपेला असोले नारळ भरले. वाडीतून आमच्या अंगणापर्यंत जेमतेम दीडशे पावलं. मागचं फाळकं उघडलं की भरायला सोपं, म्हणून मागूनच भरत गेलो. पुढचा निम्मा भाग रिकामाच राहिला. जीपनं हळूहळू ओढत अंगणात आणला, चाकांना चिरे लावले आणि हुक सोडवला. दांडा असा उसळला की कपाळ थोडक्यात वाचलं. फाळकं मागे जमिनीला टेकलं, ढीगभर नारळ घरंगळत विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेले. शेजारचे आजोबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. ते उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "उलाळ केलीत गाडी. बैल असते तर त्यांचे गळे आवळले असते."

उलाळ. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, कपाळाजवळून जाताना पहिल्यांदाच पाहिला. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, ती उलाळ गाडी. ओझं पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर दाबतं, ती धुरजड. ट्रेलरच्या बांधणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न या दोन शब्दांत मावतो. आजोबांनी उमेदीच्या वयात बैलगाडी हाकली होती, आणि मी इंटरनेटवर ट्रेलर कसा करावा हे बघत रात्री जागवल्या होत्या.

आता मुळापासून. ॲक्सल कुठला घ्यायचा?

भंगारवाल्याकडे गेलात तर तो आधी जीपचा किंवा ॲम्बॅसेडरचा मागचा ॲक्सल दाखवतो, कारण तो दणकट दिसतो. तो घेऊ नका. त्या गाड्यांत मागची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यामुळे ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जड गोळा असतो. ट्रेलरला तो निव्वळ ओझं. शिवाय चाकं फिरली की आतली क्राउन-पिनियन उगाच फिरत राहते, तेल मागते. मग आतले शाफ्ट काढून टाकू, असं सुचतं. काही ॲक्सलांत ते चालतं. पण बऱ्याच गाड्यांत चाक त्या शाफ्टवरच टांगलेलं असतं. शाफ्ट काढला की चाकही निघालं. हे न बघता शाफ्ट उपसणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आपल्याला हवा पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा मागचा ॲक्सल. अशा गाडीत मागची चाकं नुसती पाठोपाठ येतात. म्हणजे तिचा मागचा भाग मुळातच एक ट्रेलर आहे, कारखान्यानं करून दिलेला. आणि अशी गाडी आपल्याकडे मुबलक : मारुती 800. 1983 ते 2014 या काळात देशात ती 25 लाखांहून जास्त खपली, त्यामुळे तिचे बेअरिंग, ड्रम, नटबोल्ट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. भंगारातून भाग निवडताना मी हाच पहिला निकष लावतो. भाग किती मजबूत हे नंतर. तो झिजला तर बदली भाग मिळेल का, हे आधी.

माझ्या नशिबी आलेली मारुती आमच्याच पाखाडीतली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा एक माड तिच्या टपावर आडवा झाला. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या, तिथं मोटारीकडे कोण बघतो? ती तशीच पडून राहिली. टप चेपला, पण मागचा ॲक्सल वाचला. मालकानं फुकट दिली, एका अटीवर : कागदपत्रांचं मी बघायचं.

ती अट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. मोटार वाहन कायदा, 1988 सांगतो की गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. आम्ही चार पावसाळे उशीर केला होता. तुम्ही गाडी कापण्याआधी हे उरका. चासी नंबरचा तुकडा नीट जपून ठेवा, तो मागतात. कापलेल्या गाडीची जिवंत नोंदणी म्हणजे भुताच्या हाती चावी.

त्याच कायद्यानं मला दुसरा धक्का दिला. मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे. त्याला इंजिन नसलं तरी कायद्याच्या लेखी तो स्वतंत्र वाहन, त्याची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबर. आणि नोंदणीसाठी त्या नमुन्याची चाचणी पुण्याची एआरएआय किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेकडून झालेली लागते. ती कारखानदारासाठी आखलेली वाट आहे. एकच ट्रेलर करणाऱ्या माणसाला तिथं जागा नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'जुगाड' गाड्यांबद्दल हेच स्पष्ट केलं : ती मोटार वाहनंच आहेत, सगळे नियम लागू. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट आठवत असेल. त्यांनी भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, कधीतरी अडवली जाईल, असंही बजावलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ती त्यांना पुढच्या महिन्यात मिळाली. तुमच्या-माझ्या ट्रेलरच्या बदल्यात कुणी बोलेरो देणार नाही. म्हणून माझा ट्रेलर वाडीच्या गडग्याबाहेर जात नाही. रस्त्यावर न्यायचा असेल तर मान्यताप्राप्त, नोंदणी होणारा विकत घ्या. ही लेखमाला त्याला पर्याय नाही. आणि पुळणीवर तर नकोच. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि टायरच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू बाहेर येत नाही.

असो. ॲक्सल हाती आला, तो सरळ आहे का हे बघायचं. याला यंत्र लागत नाही. ॲक्सल दोन स्टँडवर ठेवा, चाक फिरवा आणि टायरच्या मधोमध खडू धरून एक रेघ उमटवा. दोन्ही चाकांवर रेघा झाल्या की ॲक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूला रेघ ते रेघ अंतर मोजा, मग मागच्या बाजूला. दोन्ही अंतरं जवळपास सारखी हवीत. ठळक फरक असेल तर ॲक्सल वाकलेला आहे; चाकं तिरपी घासत जातील आणि टायर लवकर खातील. वाकलेला ॲक्सल तापवून सरळ करून देतो, असं सांगणारा भेटतोच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बेअरिंग मात्र नवीच टाका. जुनी फिरवून पाहिली, घरघर नाही, म्हणून तीच ठेवली, असं करू नका. माझ्या ॲक्सलचा हब उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल निघाला. समुद्राजवळ चार पावसाळे उभ्या असलेल्या गाडीत दुसरं काय असणार? उभ्या गाडीचं बेअरिंग चालत्या गाडीच्या बेअरिंगपेक्षा वाईट मरतं : गोळ्या एकाच जागी बसून राहतात, तिथंच गंज धरतो, आणि फिरवल्यावर तो खड्डा टकटक करतो.

इथं भरडखोलच्या बाजूच्या वाचकांसाठी थोडं विषयांतर. मान्यताप्राप्त ट्रेलरवरून होडी पाण्यात उतरवणार असाल तर हब हा तुमचा शत्रू आहे. रस्त्यानं येताना हब तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निसटते. मग तुम्ही तो गरम हब थेट खाऱ्या पाण्यात बुडवता. आतली हवा झटकन आकसते, पोकळी होते, आणि हब सीलच्या कडेनं समुद्र आत ओढून घेतो. वरून काहीच दिसत नाही. महिन्याभरानं चाक कर्कश ओरडायला लागतं तेव्हा कळतं. उपाय फुकटचा आहे : किनाऱ्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हबला हात लावून पाहा, गार झाला की मगच पाण्यात घाला. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

टायरबद्दल एवढंच : बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी म्हातारं रबर फुटतं. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे लावायच्या छोट्या ट्रेलरला जीपचीच चाकं होती; एकच स्टेपनी दोघांना चालायची. ही फार शहाणी योजना. माझ्या जीपचं चाक पाच नटांचं आणि मारुतीचं चार, त्यामुळे मला ते जमलं नाही, वेगळी स्टेपनी ठेवावी लागते.

आता ओझं किती? चार माणसं आणि सामान धरून मारुतीचं एकूण वजन साधारण टनभर, त्यातलं निम्मं मागच्या ॲक्सलवर. म्हणून मी ट्रेलरचं एकूण वजन 450 किलोवर थांबवलं. चौकट, फळ्या, चाकं मिळून 170. उरले 280. म्हणजे फार तर दोनशे असोले नारळ. ट्रेलरमध्ये जागा त्याहून जास्त आहे आणि तीच फसवते. ओलं शेणखत काठोकाठ भरलं तर हिशेब केव्हाच कोलमडतो.

आणि आता तो उलाळीचा हिशेब. माझा हौदा 1.8 मीटर लांब, त्याच्या पुढे दांडा 1.2 मीटर. पहिल्यांदा मी ॲक्सल हौद्याच्या बरोबर मध्यावर बसवला होता, कारण दिसायला छान. ओझं सारखं पसरलं तर तोल चाकांवर येतो आणि हुकावर काहीच भार पडत नाही. जरा मागे सरकलं की उलाळ. फजितीनंतर ॲक्सल सोडवून 20 सेंटिमीटर मागे घेतला. आता हुकापासून ॲक्सल 2.3 मीटरवर, आणि ओझ्याचा मध्य ॲक्सलच्या 0.2 मीटर पुढे. 450 ला 0.2 नं गुणा आणि 2.3 नं भागा : 39 किलो हुकावर. म्हणजे एकूण वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. 5 ते 10 टक्के ठीक समजतात. त्याहून फार वाढलं तर ओढणाऱ्या गाडीची पाठ बसते आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटतं.

कमी झालं तर काय होतं, हे वाडीत दिसत नाही. तिथं वेगच नसतो. ताम्हिणी घाट उतरणाऱ्या मान्यताप्राप्त ट्रेलरला मात्र ते भोवू शकतं. शेपूट जड असलं की खड्ड्यानं किंवा बाजूच्या वाऱ्यानं ट्रेलर जरा हलतो, परत येताना दुसऱ्या बाजूला जास्त जातो, आणि प्रत्येक हेलकाव्यात वाढत जातो. पुढची गाडीही मग त्याच्याबरोबर डोलायला लागते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. डोलणं मोडण्यासाठी उलट वळवत बसलात तर ते वाढतं. आणखी एक : टोकांना जड सामान ठेवून तोल साधणंही वाईट. पुढे एक पोतं, मागे एक पोतं, काट्यावर वजन बरोबर. पण वळताना ती दोन्ही टोकं गोफणीसारखी फिरतात. जड ते ॲक्सलवर, हलकं ते कडेला.

उरला प्रश्न स्प्रिंगांचा. आमच्या मारुतीला मागे कॉइल स्प्रिंग होती, आणि ती गाडीच्या पत्र्यातल्या जागांशिवाय उभी राहत नाही. म्हणून मी पाटे लावले, ॲक्सलवर बैठक ठेवून यू-बोल्टनं आवळले. ॲक्सलच्या नळीला वेल्डिंग शक्यतो टाळा. एका बाजूनं तापली की ती वाकते, आणि वर सांगितलेली खडूची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. माझी दुसऱ्यांदाही झाली, निभावली.

सगळं बसवल्यावर सुपारीची पोती तोलायचा काटा आणला, हौद्यात पोती सारखी पसरली, दांड्याचं टोक काट्यावर टेकवायला निघालो. आजोबा आज उठून आले होते. "थांबा," म्हणाले, आणि दांडा एका हातानं उचलून क्षणभर धरला, जसं जू बैलाच्या मानेवर ठेवण्याआधी धरत असतील तसा.

"चाळीसला कमी. जरा धुरजड आहे, चालेल."

काट्यावर 38 आले.

पुढच्या आठवड्यात : दिव्यांची वायरिंग, आणि हुकाच्या गोळ्यावर अर्थिंगचा भरवसा का ठेवू नये.